काकीला पंचांग कळत नाही

शाळेची बस सुरू होत नव्हती. मागे चाळीस पोरं "काकी, जाऊ दे की!" असं टाळ्यांच्या तालावर ओरडत होती. आणि बस अडली होती कशासाठी, तर मी दप्तरातून मोबाईल काढून एक बटण दाबलं नव्हतं म्हणून.

"आर्जू, दाब की गं ते," पप्पा आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले. माझे पप्पा, सुकुमार मगदूम, आमच्या शाळेच्या बसचे ड्रायव्हर. मी त्यांची मुलगी आर्जवी, इयत्ता दहावी, आणि माझ्या नशिबी आलेलं अधिकृत पद म्हणजे 'सोबती'.

"आधी तिला हळू बोलायला सांगा!"

"चालकाच्या दृष्टिपटलावर नवे ठिपके आढळले आहेत," काकी पुन्हा म्हणाली. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने मान वळवली. "सोबत्याने पोच द्यावी."

मी पोच दिली. बस सुरू झाली. पोरांनी माझ्या नावाने जयघोष केला. मला बसच्या टपावर चढून किंचाळावंसं वाटत होतं.

काकी म्हणजे स्टिअरिंगच्या वर बसवलेला कॅमेरा. गेल्या वर्षी कायदा झाला, की शाळेच्या बसचालकाने रोज सकाळी त्या कॅमेऱ्यात डोळा लावल्याशिवाय बस सुरूच व्हायची नाही. कंपनीने तिला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, पण तिचा आवाज ऐकल्यावर पहिलीतल्या एका पोराने तिला काकी म्हटलं आणि तेच टिकलं. लग्नात जेवण गार झालंय म्हणून तक्रार करणारी काकी कशी बोलते, तसा तो आवाज. तिच्या सूचना घरातल्या एका माणसाकडे जाव्या लागतात, तो सोबती. पप्पा मोबाईलवर फक्त बोलतात. आई म्हणाली, "मला त्यातलं काय कळत न्हाई, तूच घे." घेतलं. शाळेत मोबाईल आणायची परवानगी अख्ख्या दहावीत मला एकटीला आहे. ज्यांना माझा हेवा वाटतो, त्यांनी तो एक दिवस खिशात ठेवून बघावा.

आता हे ठिपके काय भानगड आहे ते सांगते, कारण वर्गात सगळ्यांना वाटतं की पप्पांच्या डोळ्यात कचरा गेलाय.

पप्पांना काचबिंदू आहे. म्हणजे मोतीबिंदू नव्हे! हे मी आतापर्यंत इतक्या जणांना सांगितलंय की माझ्या गळ्यात पाटी अडकवली असती तर बरं झालं असतं. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. काचबिंदूत बहुतेक वेळा डोळ्यातल्या पाण्याचा निचरा नीट होत नाही, आत दाब वाढतो, आणि त्या दाबाने मागची नस हळूहळू मरते. डोळ्याने पाहिलेलं मेंदूपर्यंत नेणारी हीच नस. तिच्यात दहा लाखांहून जास्त बारीक तारा असतात. एक मेली, दहा मेल्या, हजार मेल्या, तरी माणसाला पत्ता लागत नाही. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेने जायला लागते आणि गेलेल्या जागी काळं दिसत नाही, काहीच दिसत नाही. मेंदू इतका लबाड, की आजूबाजूचं चित्र ओढून तो त्या भोकावर ठिगळ लावतो. भिंत असेल तर भिंत, रस्ता असेल तर रस्ता.

जुनी यंत्रं नसेच्या थराची जाडी मोजायची. थर पातळ झाला की कळायचं, पण तेव्हा तारा मेलेल्या असायच्या. नवा शोध असा, की मरायला टेकलेली पेशी आधीच ओळखता येते. पेशी मरणार असली की तिच्या बाहेरच्या आवरणाची उलटापालट होते, आतली बाजू बाहेर येते. एका ठरावीक रंगाचा उजेड त्यावर पडला की ती बाजू चमकते. कॅमेऱ्यात पांढरा ठिपका दिसतो. ठिपका म्हणजे मेलेली पेशी नाही, मरू घातलेली. वेळेत दाब कमी केला तर त्यातल्या कित्येक वाचतात. म्हणून ठिपके कमी झाले की औषध लागू पडतंय, आणि वाढले की नाही.

पप्पांचे ठिपके वाढत होते. दोन महिने. औषध रोज घालूनही.

"घालताय ना?" मी रोज विचारायचे.

"बाटलीला विचार."

बाटलीला विचारता येतं, हा आणखी एक ताप. तिच्या बुचात मोजणी आहे, थेंब पडला की नोंद काकीकडे. नोंदीत एक दिवसही खाडा नव्हता. काकीने दोन आणि दोन चार केले आणि सप्टेंबरमध्ये मला तांबड्या अक्षरात कळवलं: औषध लागू नाही. शस्त्रक्रियेचा विचार व्हावा. पुढच्या महिन्याच्या तपासणीत ठिपके उतरले नाहीत तर चालक परवाना स्थगित.

मी तो निरोप स्वयंपाकघरात वाचून दाखवला. आई पोळी लाटत होती, ती थांबली. पप्पा म्हणाले, "बरं."

"बरं? पप्पा, बस जाईल! नजर जाईल!"

"मग आता काय नाचू? औषध घालतोय, अजून काय करू?"

बघा. असं हे घर. बस म्हणजे पप्पा, हे त्यांना कोण सांगणार? त्यांना पोरांची नावं त्यांच्या थांब्यासकट पाठ आहेत. कोण गाडी लागून ओकतं, कोणाला खिडकी लागते, कोणाच्या आईला हॉर्न दिल्याशिवाय जाग येत नाही, सगळं. आणि हा माणूस म्हणतो, बरं.

मी काकीचा आलेख उघडून बसले. मला आलेख आवडतात, चिडलेली असताना जास्तच. जानेवारीपासून रेघ खाली खाली जात होती. म्हणजे औषध लागू होत होतं, छान लागू होत होतं! आणि जुलैत एका ठिकाणी तिने असं वळण घेतलं होतं, जणू कुणी तिला खालून लाथ मारली. बाटली तीच, थेंब तेवढेच. मिरजेच्या डॉक्टर तांबोळी मॅडमनी मधे एकदा औषध बदललं, त्याचाही उपयोग नाही. काकीने खाली शहाणपणाने लिहिलं होतं, 'कारण अज्ञात.'

मी भिंतीवरच्या कालनिर्णयाशी तारीख ताडून पाहिली आणि कपाळावर हात मारला. चातुर्मास त्याच आठवड्यात लागला होता.

आम्ही जैन. चातुर्मासाचे चार महिने पप्पांचा नियम असतो: सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. त्यांची दुसरी फेरी नदीकाठच्या गावांना जाते, परत येईपर्यंत अंधार पडतो, म्हणून ते ऊन असतानाच बसमध्ये डबा खाऊन घेतात. काकीकडे पप्पांच्या डोळ्याची प्रत्येक रक्तवाहिनी होती. पंचांग तेवढं नव्हतं.

पण नियमाचा आणि थेंबाचा संबंध काय? थेंब डोळ्यात घालतात, तोंडात नाही!

थेंब दिवसातून एकदाच, रात्री झोपताना घालायचे असतात. त्या रात्री माझं जेवण झाल्यावर मी मुद्दाम मोरीच्या दारात पुस्तक घेऊन बसले. पप्पा आले, मान वर केली, एका डोळ्यात थेंब, दुसऱ्या डोळ्यात थेंब. अगदी व्यवस्थित. बाटली ठेवली. तांब्या उचलला आणि खळाखळा दोन्ही डोळे धुऊन काढले. मग चूळ भरून थुंकले.

"पप्पा! काय करताय?"

"तोंड धुतोय."

"औषध आत्ता घातलं ना?"

"घातलं की."

"मग धुऊन का टाकलं?"

"घशात कडू उतरतंय," ते शांतपणे टॉवेल शोधत म्हणाले. "रात्रीचं काय गिळायचं न्हाई. म्हणून लगेच धुतो. घालायचं सांगितलंय, घालतो. नियमही राहतो."

"कधीपासून?"

"चातुर्मास लागल्यापासनं."

मला आधी हसू आलं, मग रडू, मग इतका राग, की पुस्तक मोरीत पडलं ते मी उचललंसुद्धा नाही. आई धावत आली. "तुला माहीत होतं?" मी तिच्यावर उलटले.

"धुतात ते रोज बघतोय की," आई म्हणाली, ती बोलताना आमच्याकडच्या बायकांसारखी 'बघतोय'च म्हणते. "मला वाटलं डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय."

"मुनी महाराजांना विचारायचं ना! औषधाला सवलत असते, पप्पा!"

"असती. आजारी माणसाला असती. मी काय आजारी हाय? जेवतोय, झोपतोय, गाडी चालवतोय. डोळा दुखत न्हाई, पाणी येत न्हाई. दुखत असतं तर गेलो असतो विचारायला. आपणच नियम घ्यायचा आणि आपणच पळवाट मागायची, हे मला जमायचं न्हाई."

आजार असा, की दुखतच नाही. आणि माणूस असा, की दुखल्याशिवाय सवलत मागणार नाही. दोघांनी मिळून ठिपके वाढवले होते, आणि मधे मी, रोज पोच देणारी मूर्ख.

दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी पप्पांना मिरजेला नेलं. 'नेलं' हाच शब्द बरोबर आहे. तांबोळी मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"मगदूम, मी औषध बदलून बघितलं, तरी फरक नाही. मशीन सांगतंय ऑपरेशन करा. मी तारीख बघत होते! सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारला, औषध घालता काय. मी घालतो म्हटलं. धुता काय विचारला न्हाई."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. रोज हेच सहन करते, मॅडम.

"उजेडात घालता येणार नाही?"

"सकाळी घातलं तर घटकाभर धूसर दिसतं. काकी गाडी सुरू करू देत न्हाई. आणि सूर्य मावळायच्या टायमाला मी गाडीवरच असतो."

मॅडम खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "कडू घशात येतं, हे तुमचं खरं आहे. इथे बघा." त्यांनी स्वतःच्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथे बारीक छिद्रं असतात. अश्रू त्यातून नाकात जातात, नाकातून घशात. रडलं की नाक का वाहतं? म्हणूनच. तुमचा थेंब त्याच वाटेने जातो. पण ही वाट बंद करता येते. थेंब टाकला की डोळा मिटायचा आणि हा कोपरा बोटाने दाबून धरायचा. औषध डोळ्यातच राहतं, तिथेच मुरतं. घशात नाही. औषधही जास्त लागू होतं. हे खरं तर सगळ्यांनीच करायला हवं, आम्ही घाईत सांगत नाही."

पप्पा पुढे सरकले. "किती वेळ दाबायचं?"

"दोन-तीन मिनिटं."

"म्हणजे नऊ वेळा णमोकार मंत्र. सावकाश."

"ते तुमचं तुम्ही बघा," मॅडम हसल्या. "पण कडू आलं तर धुवायचं नाही, मला फोन करायचा. रात्री करा, पहाटे करा."

फोन करावा लागला नाही. त्या रात्री पप्पा पलंगावर आडवे झाले, थेंब घातले, दोन्ही हातांची बोटं दोन्ही कोपऱ्यांवर ठेवली आणि ओठ हलू लागले. मी आणि आई दारात उभ्या. नऊ झाल्यावर त्यांनी आवंढा गिळला, जिभेने टाळू चाटून पाहिली.

"काय?" मी.

"काय न्हाई."

"काय न्हाई म्हणजे कडू आहे की नाही?"

"अगं, काय न्हाई म्हणजे न्हाई. कडू न्हाई. आता झोपू दे."

महिनाभरात रेघ खाली आली. अशी सुरेख उतरली, की मी तिचा फोटो काढून ठेवला. ऑक्टोबरच्या तपासणीला काकी सगळ्या बससमोर म्हणाली, "औषध लागू. परवाना कायम." पोरांनी टाळ्या पिटल्या आणि मी उठून वाकून नमस्कार केला. का करू नये? अख्ख्या यंत्रणेला जे जमलं नाही ते मी एका भिंतीवरच्या कॅलेंडरवर केलं होतं. विज्ञानाच्या सरांनी मला वर्गात उभं करून सगळं सांगायला लावलं. त्या आठवड्यात मी जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

मग आम्ही मिरजेला शेवटची तपासणी करून घ्यायला गेलो, आणि पप्पांनी सगळ्याची माती केली.

मॅडमनी नजरेचा नकाशा काढला. एका घुमटात तोंड घालून बसायचं, उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं, ती जुनीच तपासणी. नकाशात मधला सगळा भाग पांढरा होता, आणि डावीकडे खाली, दोन्ही डोळ्यांचं मिळून, एक काळपट डाग.

"हे आधी इतकं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "थेंब धुवत होतात, त्या महिन्यांत हे गेलं. गेलेलं परत येत नाही. पण आता थांबलंय. परवान्याच्या नियमात बसतं, काळजी नको."

मी उठलेच होते. पप्पा उठले नाहीत. ते त्या डागाकडे बघत होते.

"मॅडम, पहिलीतलं पोर ह्यात मावतं काय?"

"म्हणजे?"

"दारातनं उतरलं, चप्पल निसटली म्हणून गाडीपुढं वाकलं. ह्या काळ्यात मावतं काय ते पोर?"

मॅडमनी नकाशा पाहिला, पप्पांकडे पाहिलं. "ते या तपासणीत कळत नाही," त्या म्हणाल्या.

परत येताना मी सबंध रस्ताभर बोलत होते. बसला आरसे आहेत, कडेला कॅमेरे आहेत, कायदा आहे, कायद्याने पास केलंय! "कॅमेऱ्यावर चिखल उडतो," पप्पा एवढंच म्हणाले. "आणि त्यात बघायलाबी डोळाच लागतो."

रविवारी त्यांनी मला गावाबाहेरच्या मैदानावर नेलं. रिकामी बस मधोमध उभी केली, इंजिन बंद केलं, आणि मला खाली उतरवलं.

"दाराच्या पुढं जा. चाकापाशी. आता खाली बस, पहिलीतल्या पोराएवढी हो."

"पप्पा, हे काय चाललंय? काकीने सांगितलंय तुम्ही ठीक आहात!"

"बस की गं."

मी गुडघ्यांवर बसले. नवीन पँटला माती. वर काचेतून ते दिसत होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, जशी चालवताना असते.

"जरा मागं सरक. अजून. आता हात हलव."

मी हात हलवला.

"हलव की."

"हलवतेय!"

"आर्जू, चेष्टा नको. हलव."

मी दोन्ही हात हलवत होते, डोक्यावरून, जत्रेत हरवलेली पोरं हलवतात तसे. ते समोर बघत होते, शांत, काहीच नसल्यासारखे. त्यांच्यासाठी तिथे मैदान होतं. मेंदूने माझ्या जागी मैदान लावलं होतं.

मी हात खाली घेतले. एक क्षण वाटलं, उठून उभं राहावं आणि म्हणावं, हलवलाच नव्हता मी. मजा करत होते. त्यांनी विश्वास ठेवला असता.

"हलवत होते, पप्पा," मी म्हणाले. "पहिल्यापासून."

ते उतरून आले, मी बसले होते ती जागा नीट न्याहाळली, तिथल्या मातीवर बुटाने एक रेघ ओढली आणि म्हणाले, "चल. बस शाळेत लावून येऊ. किल्ली आजच देतो."

तेव्हा मात्र मी फुटले. काय काय बोलले ते आता आठवत नाही. मी शाळा बुडवली, मिरजेला नेलं, आलेख काढला, परवाना वाचवला, सरकार हो म्हणतंय, डॉक्टर हो म्हणतायत, काकी, ती भांडकुदळ काकीसुद्धा हो म्हणतेय! मग तुम्हीच कोण लागून गेलात नाही म्हणणारे? तेव्हा धुतलंत ते तुमच्या नियमापायी, आता सोडताय तेही तुमच्याच कुठल्या तरी नियमापायी. कंटाळा आलाय मला तुमच्या नियमांचा!

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते कधीच मधे बोलत नाहीत, हाही एक वैताग.

"तू खरं बोलायला नको होतंस मग," ते म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला.

"सोमवारपासून कोण चालवणार?"

"बघतील कोणतरी. मी दारात उभा राहीन म्हणतो. पोरं उतरवायला माणूस पाहिजेच की. आत्ता मात्र एवढ्या रस्त्याला न्यायची कशी, एकट्याला जमणार न्हाई. तू डाव्या सीटवर बस. दिसेल ते सांगायचं."

मी नाक पुसत चढले. त्यांनी काकीत डोळा लावला, काकीने काही तक्रार न करता बस सुरू केली. माणूस चालेल त्या वेगाने आम्ही मैदानाबाहेर पडलो.

"सांग."

"कुत्रं," मी रागाने म्हणाले.

"पुढं हाय का बाजूला?"

"बाजूला. झोपलंय. सायकलवाला. बाई, डोक्यावर पाटी. खड्डा."

"नीट सांग. नुसतं चिडू नको."

"दोन पोरं, पप्पा. थांबा. थांबा! एकाची चप्पल निघालीय."

बस थांबली. पोराने चप्पल घातली, वर आमच्याकडे बघून हसलं आणि पळालं. पप्पांचे हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले होते.

"गेलं?"

"गेलं."

"पुढं?"

मी काचेला नाक लावलं. रोज याच रस्त्याने येते, याच बसमध्ये, पण डावीकडे एवढी माणसं असतात हे मला माहीत नव्हतं. "शेळी," मी म्हणाले. "शेळीमागे एक म्हातारे आजोबा. त्यांच्यामागे कोणीतरी बसलंय, थांबा, बघू दे मला."